डी'कॉस्टा, सेबास्तियांव आणि उजवा आल्ट : ग्रंथसूचीच्या टंकनाच्या नोंदी

१ जुलै २०२४

काम ठरलं. मडगावच्या एका खासगी ग्रंथसंग्रहाची कार्डसूची संगणकावर चढवायची. निम्म्याहून जास्त पुस्तकं पोर्तुगीज, बाकीची मराठी, कोंकणी (देवनागरी आणि रोमी दोन्ही) आणि थोडी इंग्रजी. टंकनाला दोघीजणी: एक ताई, ज्यांचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे आणि मराठी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) चालतं, दुसरी कॉलेजातली मुलगी, जिचं सगळं टायपिंग फोनवर झालेलं. मशीन चार: तीन विंडोजची, एक लिनक्सचं. कीबोर्ड सगळे साधे, भारतात कुठेही मिळतात तसले. त्यावर पोर्तुगीज अक्षरांची एकही कळ नाही.

लागणारी अक्षरं आज कागदावर काढली. ए आणि ओ यांच्या डोक्यावर नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड. सीच्या खाली शेपूट, म्हणजे सेडिल्या. पाचही स्वरांवर उजवीकडे उठणारी तिरकी रेघ. ए, ई आणि ओ यांच्यावर टोपी. एवर उलटी तिरकी रेघ. शिवाय 'पहिला', 'दुसरी' दाखवायला आकड्यापुढे वर चढवलेले छोटे ओ आणि ए. मोठी आणि छोटी लिपी धरली तरी आकडा फार होत नाही.

३ जुलै

कार्डं चाळली. बहुतेक इंग्रजी टाइपरायटरवर केलेली. ज्यानं कोणी केली तो माणूस चिकाटीचा असणार. सेडिल्या नव्हता, तर सी मारून एक घर मागे येऊन त्याच जागी स्वल्पविराम मारलाय. टिल्ड शाईनं हातानं ओढलाय, तोही प्रत्येक ठिकाणी. मशीनला १ ची कळ नव्हती म्हणून छोट्या एलनं काम भागवलंय, त्यामुळे १८९३ मधला एक हा खरं तर एल आहे. स्कॅन करून यंत्राकडून वाचून घ्यावं असा विचार होता, तो या कार्डांनी निकालात काढला. हातानंच टंकायचं.

४ जुलै

मुलीनं पहिल्याच तासाला विचारलं, "दादा, फोनवर ए दाबून धरला की सगळे ए येतात. इथे का येत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. मॅकवरही २०११ पासून तसंच आहे, कळ दाबून धरली की पर्याय वर येतात. विंडोजवर कळ दाबून धरली की ए एकापुढे एक छापला जातो, बस.

ताईंना आल्ट-कोड ठाऊक आहेत, कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेले. आल्ट धरून उजव्या बाजूच्या आकडेपट्टीवर ०२२७ मारलं की टिल्डवाला ए येतो, ०२३१ ला सेडिल्या, ०२३३ ला तिरक्या रेघेचा ई. सुरुवातीचं शून्य विसरलं की भानगड. २२७ मारलं तर आमच्या मशीनवर 'पाय' हे ग्रीक अक्षर उमटतं, कारण शून्याशिवायचे आकडे डॉसच्या जुन्या तक्त्यातून उचलले जातात आणि त्या तक्त्यात (४३७ क्रमांकाच्या) टिल्डवाला ए मुळातच नव्हता. सेडिल्या मात्र होता, १३५ ला. म्हणजे काही अक्षरं शून्याशिवाय येतात, काही येत नाहीत, आणि कुठली ते पाठच करावं लागतं.

ताईंचा वेग यातही चांगला आहे. पण एका मशीनला आकडेपट्टीच नाही, लॅपटॉप आहे. आणि दर नावात दोनदा हात उचलून उजवीकडे न्यायचा म्हणजे महिन्याभरात मनगट गेलं. दुसरं काहीतरी हवं.

५ जुलै

विंडोजमध्ये तयार असलेली 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' मांडणी तिन्ही मशीनवर लावली. यात काही कळा 'डेड' असतात. अपोस्ट्रॉफी दाबला की पडद्यावर काहीच दिसत नाही, पुढचं अक्षर दाबलं की दोन्ही मिळून एक अक्षर उमटतं. अपोस्ट्रॉफी मग ई, झाला रेघवाला ई. टिल्ड मग ए, झाला टिल्डवाला ए. अपोस्ट्रॉफी मग सी, झाला सेडिल्या. टाइपरायटरवरही हीच युक्ती होती: डेड कळ रेघ मारायची पण गाडा पुढे सरकवायची नाही, म्हणून पुढचं अक्षर तिच्याखालीच बसायचं. ताईंना हे सांगावं लागलं नाही, त्यांचा हात लगेच बसला.

दुपारपर्यंत सगळे खूश.

८ जुलै

आजच्या नोंदी तपासताना पडद्यावर 'डी' आणि लगेच सेडिल्यावाला मोठा सी, मग 'ओस्टा'. दुसऱ्या ओळीत 'डी' आणि डोक्यावर रेघ असलेला मोठा ए, मग 'ल्मेडा'. लेखक डी'कॉस्टा आणि डी'आल्मेडा. डी, अपोस्ट्रॉफी, सी हे सगळं बरोबर क्रमानं दाबलेलं. पण मांडणीनं अपोस्ट्रॉफी गिळला आणि सीला शेपूट लावून मोकळी झाली. डी'सोझा आणि डी'मेलो सुटले, कारण एस आणि एमला जोडायला या मांडणीत काही नाही. तिथे अपोस्ट्रॉफी आणि अक्षर दोन्ही जसेच्या तसे उमटतात. डी'कुन्हा पुन्हा अडकला.

उपाय छापील आहे: अपोस्ट्रॉफीनंतर स्पेस दाबायची, मग अपोस्ट्रॉफी एकटा उमटतो. पण गोव्याच्या सूचीत डी'वाले लेखक पानोपानी आहेत, आणि इंग्रजी शीर्षकांतले अपोस्ट्रॉफी वेगळेच. दर वेळी स्पेस आठवणीनं मारायची अपेक्षा माणसाकडून ठेवणं चूक आहे. ही मांडणी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर बार्देश-साष्टीची आडनावं नसणार, एवढंच.

एक भर: लिनक्सच्या मशीनवर त्याच नावाच्या मांडणीत अपोस्ट्रॉफी आणि सी मिळून सेडिल्या येतच नाही, सीच्या डोक्यावर रेघ येते. ते अक्षर पोलिश आणि क्रोएशियन लोकांचं. पोर्तुगीजात त्याला जागा नाही. छोट्या टाइपात शेपूट आणि रेघ यांतला फरक पटकन दिसत नाही, म्हणून त्या मशीनवरच्या सगळ्या नोंदी शोधून बदलल्या.

९ जुलै

आणखी एक खड्डा. 'दुसरी आवृत्ती' पोर्तुगीजात २, टिंब, आणि वर चढवलेला छोटा ए असं लिहितात. पुल्लिंगी शब्द असेल, जसा अंक किंवा खंड, तर छोटा ओ. इंटरनॅशनल मांडणीत हे दोन्ही नाहीत. जवळचं दिसतं म्हणून मुलीनं तापमानाचं अंशचिन्ह टाकलंय. दिसायला जुळं भावंड. पण युनिकोडात, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, अंशचिन्ह ००बी० आणि क्रमवाचक ओ ००बीए, दोन वेगळी अक्षरं. सूची शोधताना बरीच सॉफ्टवेअरं क्रमवाचक ओला साधा ओ समजून घेतात, अंशचिन्हाला नाही. म्हणजे अंशचिन्हानं टंकलेला 'खंड १ ला' शोधात कधीच सापडणार नाही, आणि का सापडत नाही हे पडद्याकडे बघून कळणारही नाही.

ठरवलं: स्वतःची मांडणी करायची.

११ ते १३ जुलै

मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर उतरवलं, १.४ आवृत्ती. जुनं आहे पण चालतं. नव्या विंडोजवर आधी डॉटनेट ३.५ चालू करून घ्यावं लागलं, त्यात लॅपटॉपनं अर्धा दिवस खाल्ला.

तत्त्व एकच ठेवलं: उजवा आल्ट धरला नसेल तर कीबोर्ड अगदी नेहमीसारखा वागला पाहिजे. अपोस्ट्रॉफी म्हणजे अपोस्ट्रॉफी. उजवा आल्ट धरून अपोस्ट्रॉफी दाबला तरच तो डेड. उजवा आल्ट आणि टिल्डची कळ, मग ए किंवा ओ. उजवा आल्ट आणि सी, थेट सेडिल्या, कारण तो इतका लागतो की दोन कळांचा खेळ परवडत नाही. क्रमवाचक ओ आणि ए त्याच अक्षरांच्या कळांवर, उजव्या आल्टसकट.

विंडोज उजव्या आल्टला आतून कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबल्यासारखंच मानतं. त्यामुळे ज्यांच्या लॅपटॉपवर उजवा आल्ट बारका किंवा गायब आहे त्यांनी डावीकडचे दोन्ही धरले तरी चालतं. मुलीनं हे स्वतःच शोधून काढलं.

लिनक्सवर काही बांधावं लागलं नाही. तिथे 'उजव्या आल्टवर डेड कळा' अशी इंटरनॅशनलची वेगळी जात तयारच आहे, आणि तिथला सेडिल्या उजवा आल्ट व स्वल्पविराम यावर आहे. कळ वेगळी पडली, पण त्या मशीनवर ताई एकट्याच बसतात.

१६ जुलै

शनिवारपासून चालू आहे. डी'कॉस्टा आता डी'कॉस्टाच उमटतो.

पोर्तुगीज शिकवून निवृत्त झालेले एक प्रोफेसर संग्रहात येऊन बसतात, त्यांना नोंदी दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी नेला. "बाबा, हे कोणी सुधारलं?" कुन्हा रिवारांच्या 'आर्किव्हो पोर्तुगेज ओरिएंताल' या ग्रंथाच्या नोंदीवर बोट. मुलीनं इंटरनेटवर पाहून 'पोर्तुगेज'च्या ईवर टोपी चढवली होती आणि शेवटच्या झेडचा एस केला होता, आजच्या पोर्तुगीजप्रमाणे.

पोर्तुगालनं १९११ मध्ये लेखनपद्धती बदलली. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत अशा जागी झेड होता, 'आर्किव्हो'त सीएच होता, आणि आज जिथे रेघ लागते तिथे पुष्कळदा ती नव्हती. 'आर्किव्हो' १८५७ पासून निघत गेलं, तेव्हा त्याच्या शीर्षकात एकही खूण नाही, आणि नसलीच पाहिजे. आसगावात जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांचं पाहा: १८९३ च्या कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोशाच्या शीर्षकात 'दिस्सियोनारियो'ला दोन सी आणि रेघ नाही, १९१९ आणि १९२१ ला कोइंब्राहून दोन खंडांत निघालेल्या त्यांच्या 'ग्लोसारियो लुसो-आसियातिको' या शब्दसंग्रहात मात्र 'ग्लोसारियो' आणि 'आसियातिको' दोन्हींच्या एवर रेघ आहे. माणूस तोच, शीर्षकं दोन काळांतली. नावातला टिल्ड दोन्हीकडे.

नियम भिंतीवर लावला: शीर्षकपृष्ठावर आहे तेच टंका. जास्त नको, कमी नको. आजच्या लेखनानं शोधणाऱ्यासाठी वेगळा रकाना केला आहे, तिथे हवं तेवढं सुधारा.

प्रोफेसर जाताना म्हणाले, "कोमा घालून सेडिल्या करायचा तो क्लार्क मला आठवतो." नाव नाही सांगितलं.

१९ जुलै

ट्रस्टच्या एका सभासदानं मराठी पुस्तकांची पानं स्कॅन करून पाठवली, फाइलींना लेखकांची नावं रोमन लिपीत दिलेली. काम मॅकवर केलेलं. आमच्या सूचीशी त्या नावांची जुळणी करणारी पायथॉनची चार ओळींची आज्ञावली चालवली, तर सेबास्तियांव नावाचे सगळे लेखक 'सापडले नाहीत' यादीत.

दोन्ही नावं शेजारी ठेवली. तीळभर फरक नाही. मग अक्षरं मोजायला लावली: आमच्या सूचीत नऊ, त्यांच्या फाइलीत दहा.

टिल्डवाला ए दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड अक्षर, ००ई३. किंवा साधा ए आणि त्याच्यामागे चिकटणारा सुटा टिल्ड, ०३०३. पडद्यावर दोघे एकच. मॅकची जुनी फाइलपद्धती नावं साठवताना ती सुटी करूनच ठेवायची, टंकणाऱ्यानं काहीही टंकलेलं असो. यात त्या सभासदाचा दोष नाही. युनिकोडात यावर ठरलेला उतारा आहे, नॉर्मलायझेशन. 'एनएफसी' प्रकार चालवला की सुटे तुकडे जोडून अखंड अक्षर होतं. आज्ञावलीत एक ओळ घातली, यादी रिकामी झाली. यापुढे सूचीत येणारी प्रत्येक गोष्ट आधी या चाळणीतून जाईल.

२२ जुलै

हाच रोग मराठीत आहे का ते बघायला बसलो. आहे, आणि इथे ती चाळणी लागू पडत नाही.

'किनाऱ्यावर' आणि 'किनार्‍यावर'. वाचकाला एकच शब्द. पहिल्यात ताईंनी इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबला, मग डी, मग य: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दहा वर्णचिन्हं. दुसरा मुलीनं रोमन लिपीत टंकून मराठी उमटवणाऱ्या साधनातून केलेला: साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. अकरा. एनएफसी या दोघांना हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते मुळात वेगळेच आहेत.

परीक्षेसाठी काही नोंदी ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून पाहिल्या. आयात करताना 'अदृश्य चिन्हं साफ करा' अशी खूण आधीपासूनच केलेली होती. साफ झाली. पश्चिम घाटातल्या दऱ्यांवरचं पुस्तक दर्यांवरचं झालं. खूण काढून टाकली, आणि तेवढ्यावर विसंबून न राहता सगळीकडे नुक्त्याचा ऱ हाच ठेवायचा ठरवलं: जोडचिन्हाचा प्रकार दिसला की आज्ञावली तो बदलते. न दिसणाऱ्या चिन्हाच्या जिवावर शब्दाचा अर्थ टांगून ठेवणं मला पसंत नाही.

'ॲ'ची तीन रूपं सापडली. एक खरा ॲ, जो युनिकोडात २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आला. दुसरा, अ टंकून त्यावर सुटा चंद्र ठेवलेला. २००८ आधी ॲ असा दिसायला हवा तर हाच मार्ग होता. तिसरा ऍ, देवनागरी 'ए'च्या डोक्यावर चंद्र, हिंदी कीबोर्डावरून आलेला. तिन्हींचा खरा ॲ केला. हेही एनएफसीच्या आवाक्याबाहेरचं.

२४ जुलै

ट्रस्टच्या कार्यालयातून फोन. "तुम्ही पाठवलेली सूची उघडली, सगळं बिघडलंय." फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर, त्यांनी एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडलेली. फोटो पाठवला. सेबास्तियांवच्या नावात टिल्डवाला मोठा ए आणि त्यापुढे पौंडाचं चिन्ह. तिरक्या रेघेच्या छोट्या ईच्या जागी तोच मोठा ए आणि कॉपीराइटचं चिन्ह. मराठी शीर्षकं तर उलट्या रेघेच्या एनं भरलेली. 'म'च्या जागी तो ए, एक चलनचिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा वर्तुळातला आर.

फाइल बिघडलेली नव्हती. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत टिल्डवाला ए दोन बाइटांचा, सी३ ए३. म तीन बाइटांचा, ई० ए४ एई. एक्सेलनं प्रत्येक बाइट सुटा धरून विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य तक्त्यातून वाचला. त्या तक्त्यात ए३ म्हणजे पौंड. 'डेटा' मेनूतून आयात करून युटीएफ-८ निवडा असं सांगितलं. तरी ते दोनदाच क्लिक करणार हे धरून यापुढे त्यांना फाइल सीएसव्हीत न देता थेट एक्सेलच्या स्वरूपात द्यायची.

आणि त्यांना बजावलं की त्या अवस्थेत फाइल 'सेव्ह' करू नका.

२६ जुलै

क्रमवारी. आज्ञावलीतली साधी क्रमवारी अक्षरांच्या क्रमांकांनुसार लागते, म्हणून 'इंडिया' हा रेघेच्या आयनं सुरू होणारा पोर्तुगीज शब्द झेडच्याही खाली गेला, आणि मराठीत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये घुसला. वर्णमालेत त्याची जागा हच्या पुढे. क्रमवारीचे नियम भाषेवार वेगळे लावले. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज पुस्तकांवर आपलं नाव 'पांडुरोंगा पिस्सुर्लेंकार' अशा वळणानं लिहीत. मराठी आणि रोमन नोंदी एकाच लेखक-क्रमांकाखाली बांधल्या, म्हणजे कुठूनही शोधलं तरी दोन्ही येतील.

२९ जुलै

रोमी कोंकणीची पेटी उघडली. जुन्या छपाईत अनुनासिक दाखवायला टिल्ड फक्त ए आणि ओवर नाही, ई आणि यूवरही आहे. 'हांवें'मधलं शेवटचं अक्षर तसंच. आमच्या मांडणीत टिल्डच्या डेड कळीला ई आणि यू माहीतच नाहीत. दाबलं की टिल्ड वेगळा आणि अक्षर वेगळं पडतं. दोन्ही अखंड अक्षरं युनिकोडात आहेत, फक्त मांडणीच्या तक्त्यात भरायची आहेत. आयही घालून ठेवतो, कुठेतरी निघेलच.

नवी मांडणी उद्या तिन्ही विंडोज मशीनवर चढवायची. आधी जुनी काढायची, मग नवी, मग लॉगआउट करून परत आत. ताईंनी आज हातानंच टिल्डच्या जागी कंसात खूण करून ठेवली आहे, त्या ओळी पिवळ्या केल्या आहेत.